मीरा-भाईंदरची खाजणे : क्षेत्रफळ आणि वनस्पती

वनस्पतींचा एखादा समूह वाढत आहे की लयास जात आहे, ह्या प्रश्नाचे उत्तर दोन प्रकारांनी देता येते. एक उत्तर चौरस किलोमीटरांत असते, दुसरे जातींच्या नावांत. पहिले टेबलाशी बसून मिळते. दुसऱ्यासाठी ओहोटीच्या वेळी चिखलात उतरावे लागते. मुंबईच्या परिसरातील खाजणांवर, म्हणजे भरतीचे पाणी जेथे येते-जाते अशा खाऱ्या दलदलीच्या जमिनींवर, गेल्या सव्वाशे वर्षांत जे वनस्पतिशास्त्रीय संशोधन झाले, त्याचा ओघ दुसऱ्या उत्तराकडून पहिल्याकडे वळत गेलेला दिसतो. ह्या वळणाने काय लाभले आणि काय हातचे गेले, ह्याचा विचार साष्टीच्या उत्तर टोकावरील मीरा-भाईंदरच्या खाजणांना धरून करणे इष्ट होईल. कारण लाभ आणि हानी ह्या दोन्ही गोष्टी तेथे ठळकपणे दिसतात.

प्रथम स्थळाविषयी. उत्तरेस वसईची खाडी, म्हणजेच उल्हास नदीचे मुख. पश्चिमेस उत्तनचा किनारा व अरबी समुद्र. नैर्ऋत्येस मनोरीची खाडी. पूर्वेस तेवढे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. मधला पट्टा सखल. ह्या पट्ट्यात राई, मुर्धा, मोर्वा, नवघर, खारीगाव अशी गावे बसली आणि त्यांच्या भोवती बांध घालून माणसाने कोठे मीठ पिकवले, कोठे भात. मिठागरांचा आणि खाऱ्या जमिनींच्या लागवडीचा परामर्श १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात घेतलेला आहे, यावरून हा उद्योग किती जुना आहे ते कळते. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने अशा बांधांना शासकीय अधिष्ठान मिळाले. पुढे १९८५ मध्ये नगरपरिषद आली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ८ लाख ९ हजारांवर गेली. तेव्हा ह्या भूमीत 'मूळचे' असे काही शोधू जाणे व्यर्थ आहे. येथील प्रत्येक वनस्पती कोणत्या ना कोणत्या बांधाच्या अलीकडे किंवा पलीकडे उभी आहे, आणि हे ज्या संशोधनाला दिसत नाही ते येथे अपुरे पडणारच.

ह्या खाजणांच्या अभ्यासाचा पाया ज्यांनी घातला त्यांना प्रश्न अगदी साधा होता : येथे कोण उगवते? पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ ह्या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो कोश प्रसिद्ध केला, त्यात खाडीकाठच्या वनस्पती इतर वनस्पतींच्या ओळीत येतात; त्यांना वेगळा समाज म्हणून स्थान नाही. ते दिले सेंट झेवियर महाविद्यालयातील जेसुइट पंडित फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९०५ साली आलेला त्यांचा निबंध मुंबई इलाख्यातील खारफुटी आणि तिचे जीवनव्यापार ह्या विषयाला वाहिलेला आहे. तिवराची वर डोकावणारी श्वसनमुळे, झाडावर असतानाच अंकुरणारी कांदळाची फळे, ह्या गोष्टी तोवर प्रवाशांच्या कुतूहलाचा विषय होत्या. ब्लॅटर यांच्या लेखणीने त्या ह्या किनाऱ्यापुरत्या तरी शास्त्रीय चर्चेत आणल्या.

परंतु खरे प्रयोगशील संशोधन सुरू झाले ते मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये. फ्रान्समधील माँपेलिये येथे ब्राउन-ब्लांके यांच्या हाताखाली वनस्पतिसमाजांच्या अभ्यासाची पद्धती शिकून आलेले एफ. आर. भरूचा आणि त्यांचे सहकारी बी. एस. नवलकर यांनी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात खारफुटीच्या परिस्थितिविज्ञानावर एक लेखमालाच लिहिली. समुद्राचे पाणी, चिखलातील द्राव आणि पानांतील रस ह्या तिन्हींमधील क्लोराइडाचे प्रमाण त्यांनी मोजले, तो लेख १९४२ चा. ह्या त्रिविध मोजणीतील विचार ध्यानात घेण्याजोगा आहे. वनस्पती क्षार सहन करते एवढे म्हणून भागत नाही. बाहेरचा क्षार, मुळांशी असलेला क्षार आणि आतला क्षार ह्यांचा मेळ ती कसा घालते हे पाहावे लागते. तिवर पानांवरील ग्रंथींतून मीठ बाहेर टाकतो, कांदळ ते बहुतांशी मुळांशीच अडवतो; दोघे एकाच चिखलात उभे असले तरी त्यांचे जगणे भिन्न आहे. नवलकर यांनी पुढे १९५१ मध्ये मुंबई व साष्टी बेटांवरील खारफुटीच्या अनुक्रमणावर आणि १९५६ मध्ये तेथील लवण वनस्पतींच्या भौगोलिक वाटणीवर लिहिले. दुसऱ्या लेखाचा विषय 'लवण वनस्पती' असा आहे, केवळ 'खारफुटी' नव्हे. हा शब्दाचा भेद क्षुल्लक वाटेल. पुढील विवेचनात त्याचे मोल दिसून येईल.

ह्या परंपरेची थोरवी मान्य करूनही तिचे दोष झाकता येत नाहीत. तिचे स्थळ फार मोघम आहे. 'मुंबई व साष्टी बेटे' हा निर्देश वाटणीच्या अभ्यासाला चालेल. पण सत्तर वर्षांनी त्याच जागी परत जाऊ पाहणाऱ्या अभ्यासकाला त्याचा काय उपयोग? दुसरा दोष अधिक खोल, आणि तो ह्या लेखकांपेक्षा त्या काळच्या शास्त्राचा. अनुक्रमणाची जी कल्पना तेव्हा सर्वमान्य होती तिच्यानुसार चिखलावर प्रथम अग्रगामी जाती येतात, त्या गाळ धरतात, जमीन उंचावते, मग दुसऱ्या जाती येतात आणि शेवटी कोरडी भूमी तयार होते. फ्लॉरिडातील खारफुटीवर १९४० मध्ये लिहिताना डेव्हिस यांनी तिला भूमीची निर्माती ठरवले होते. पुढे १९६७ मध्ये थॉम यांनी मेक्सिकोतील टबॅस्कोच्या त्रिभुज प्रदेशाचा अभ्यास करून नेमकी उलट बाजू मांडली : भूरूप आधी बदलते, वनस्पती त्याच्या मागून जातात. साष्टीपुरते बोलायचे तर दोन्ही मतांत एक उणीव राहते. येथे भूरूप बदलणारा मुख्य हात माणसाचा आहे, आणि निसर्गक्रमाच्या पायऱ्या मोजणाऱ्या सिद्धांतात फावड्याला जागा नसते.

नावांचा घोळ हा तिसरा मुद्दा. जुन्या मुंबई-लेखनात ॲव्हिसेनिया आल्बा म्हणून ओळखलेला बराच तिवर आज ॲव्हिसेनिया मरीना ह्या नावाखाली जातो. म्हणून जुनी यादी आणि नवी यादी शेजारी ठेवून 'एक जात नाहीशी झाली, दुसरी आली' असा निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याने आधी नमुन्याचा कागद उघडून पाहावा. नाहीशी झालेली जात पुष्कळदा केवळ नावाने गेलेली असते.

नवलकरांनंतर ह्या अभ्यासाची एक शाखा दक्षिणेकडे गेली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात जी. व्ही. जोशी आणि पुढे लीला भोसले यांनी लवण वनस्पतींच्या शरीरक्रियेचे काम नेटाने चालवले. मुंबईच्या खाजणांकडे मात्र ह्यापुढे वरून पाहिले जाऊ लागले.

दूरसंवेदनाने काय दिले हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. विजय, बिरादर, इनामदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मरीन सायन्सेसमध्ये दाखवून दिले की, मुंबईभोवतीचे खारफुटीचे क्षेत्र १९९० मध्ये ९२.९४ चौरस किलोमीटर होते, ते २००१ मध्ये ५६.४० वर आले. म्हणजे अकरा वर्षांत ३६.५४ चौरस किलोमीटरांची, शेकडा ३९ हून अधिक घट झाली. खाडीकाठी राहणाऱ्या प्रत्येकाला जे डोळ्यांनी दिसत होते त्याला प्रथमच असा आकडा मिळाला जो सभेत व न्यायालयात मांडता येईल. पायी हिंडणाऱ्या कोणत्याही वनस्पतिशास्त्रज्ञाला हे साधले नसते.

तथापि आकडा हाती आला की त्याची मोजपट्टी विसरली जाते. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालांत संपूर्ण महाराष्ट्राचे खारफुटीचे क्षेत्र १९९१ मध्ये ११३ चौरस किलोमीटर दिलेले आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले तर राज्याच्या एकूण खारफुटीपैकी शेकडा ८० हून अधिक एकट्या मुंबईभोवती होती असे मानावे लागेल, आणि रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्गच्या खाड्यांना नाममात्र वाटा उरेल. हे कोणालाही पटणारे नाही. दोन्ही मोजण्या आपापल्या जागी सचोटीच्या असतील. त्यांच्या पट्ट्या एक नाहीत, इतकेच. त्याच अहवालांच्या मालिकेत राज्याचे क्षेत्र २०१५ मध्ये २२२ आणि २०१७ मध्ये ३०४ चौरस किलोमीटर आहे. दोन वर्षांत ८२ चौरस किलोमीटर! तिवर चिवट आहे खरा, पण इतक्या वेगाने तो छत्र धरीत नाही. लागवड, नैसर्गिक पुनरुत्पत्ती आणि चित्रांच्या वाचनात झालेला बदल ह्यांतील कोणाचा वाटा किती, हे एकट्या आकड्यातून वेगळे काढता येत नाही. २०२१ च्या अहवालात ३२४ आणि २०२३ च्या अहवालात ३१५ असे छापलेले आहे. तरीही नवा अहवाल ह्या काळात महाराष्ट्रात सुमारे १२ चौरस किलोमीटरांची वाढ झाली असे सांगतो, कारण मागचा आकडा नव्याने बसवून घेतलेला आहे. दोन अहवालांतील आकड्यांची वजाबाकी करून प्रबंधाचे एक प्रकरण उभे करणाऱ्याने ह्याची जाणीव ठेवावी. असे प्रबंध दुर्मीळ नाहीत.

मोजपट्टीचा आणखी एक पैलू मीरा-भाईंदरला थेट लागू पडतो. ह्या अहवालांत किमान एक हेक्टराचा आणि शेकडा १० हून अधिक छत्र असलेला पट्टा हिशेबात धरला जातो. बांधाच्या कडेने दीड-दोन वाव रुंदीची जी झाडांची ओळ जाते ती ह्यात बसत नाही. आणि जेथे छत्रच नाही, त्या वनस्पतींचे काय?

येथे मिठागराचा बांध जवळून पाहिला पाहिजे, कारण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती एक विलक्षण वस्तू आहे. तीन-चार हातांच्या उंचीत तो जेवढे भेद दाखवतो तेवढे नैसर्गिक किनाऱ्यावर शेकडो पावले चालल्यावर दिसावेत. पायथ्याशी, जेथे रोजची भरती पोहोचते, तेथे तिवर आणि काटेरी पानांची मारांडी. त्याच्या वर, केवळ उधाणाच्या भरतीचे पाणी लागते अशा उतारावर, मांसल पानांची मोरस म्हणजे सुएडा, जमिनीलगत पसरणारे सेसुव्हियम आणि इल्युरोपस नावाचे खुजे, ताठ गवत. माथ्यावर पिलू, म्हणजे सल्वाडोरा पर्सिका, आणि वनजाई. वाफ्यांच्या तळाशी हंगामात काहीच नाही; तेथे क्षार इतका वाढतो की वनस्पती हरते व मीठ बसते. पाऊस सुरू झाला की तोच वाफा गोड्या-खाऱ्या पाण्याचे तळे होतो. ह्या सबंध मांडणीत झाड म्हणण्याजोगे थोडेच. बाकीचा समाज गुडघ्याएवढा किंवा त्याहूनही ठेंगणा. नवलकर ज्यांना लवण वनस्पती म्हणत त्यांत हा ठेंगणा समाज येतो. 'खारफुटीचे आच्छादन' ह्या शब्दात तो येत नाही. शब्द बदलला आणि त्याबरोबर अर्धा विषय संशोधनाच्या कक्षेबाहेर गेला.

आता मिठागर बंद पडते तेव्हा काय होते ते पाहावे. बांध फुटला आणि वाफ्याची पातळी रोजच्या भरतीच्या खाली असली, तर पावसाळ्यात पिकून पाण्यावर तरंगत आलेल्या तिवराच्या बिया तेथे अडकतात व काही वर्षांत दाट, एकसारखी, एकाच जातीची झाडी उभी राहते. बांध शाबूत राहिला आणि भरती आत आली नाही, तर तिवर येत नाही; पावसाचे पाणी साचते, उन्हाळ्यात आटते. त्यात वस्तीचे सांडपाणी मिसळू लागले की क्षार उतरतो आणि पाणकणीस शिरते. तीन भिन्न परिणाम, आणि त्यांना कारण एकच : पाण्याचा मार्ग. उपग्रहचित्रात पहिला परिणाम 'वाढ' म्हणून नोंदला जातो, दुसरा 'पडीक' म्हणून. पाणकणसाची हिरवी गर्दी कोठे जमा होते, हे चित्र वाचणाऱ्याच्या सावधपणावर अवलंबून राहते.

म्हणजे मीरा-भाईंदरला तिवराच्या क्षेत्रात झालेली वाढ ही मिठागराच्या मोडण्याची खूण असू शकते. ती वाईटच आहे असे म्हणण्याचे कारण नाही. तिवराची झाडी वादळाचा मारा अडवते आणि माशांच्या पिलांना आसरा देते. पण तिला पूर्वस्थितीचे पुनरागमन म्हणणे चूक आहे. ॲव्हिसेनिया मरीना ही क्षार, गाळ आणि घाण ह्या तिन्हींना सर्वांत दाद न देणारी जात. अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवलीच्या कारखान्यांचे व शहरांचे पाणी ज्या खाडीत उतरते, त्या खाडीच्या मुखाशी हीच एक जात फोफावावी यात नवल नाही. पांढरी चिपी २०२० मध्ये महाराष्ट्राची राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित झाली. तिचे, काजळ्याचे किंवा किरकिरीचे ह्या काठावर काय झाले हे क्षेत्रफळ सांगू शकत नाही. ज्या वाढीत जातींची विविधता घटते आणि ठेंगण्या लवण वनस्पतींची जागा झाडे घेतात, तिला संवर्धनाचा पुरावा मानण्यापूर्वी बराच विचार व्हावा. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावर हा विचार झालेला आहे. सेंटिलन व विल्यम्स यांनी १९९९ मध्ये तेथील अनेक खाड्यांच्या जुन्या हवाई छायाचित्रांवरून दाखवले की, खारफुटी जमिनीच्या दिशेने सरकली आणि तिने खाऱ्या दलदलीचा समाज गिळला. तेथे ही गोष्ट हानी म्हणून नोंदली गेली. मुंबईच्या संशोधनात तिच्यासाठी रकानाच नाही.

हा वाद केवळ विद्यापीठाच्या भिंतींआड राहणारा असता तर त्याची एवढी मातबरी नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशाने खारफुटीची तोड व तिच्याभोवतीच्या ५० मीटरांतील बांधकाम रोखले आणि उपग्रहचित्रांच्या आधारे नकाशे करण्यास सांगितले. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने हे संरक्षण कायम झाले. संशोधनाच्या हातून समाजाचे एवढे मोठे हित क्वचितच घडते. परंतु त्यामुळेच नकाशावरील रेषेला जमिनीपेक्षा अधिक वजन आले. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत खारफुटीबरोबर खाऱ्या दलदली व जैवदृष्ट्या सक्रिय चिखलवटी ह्यांनाही सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात घातलेले आहे. कायद्यात शब्द आहे. पण दलदलीचा कोणता भाग त्या शब्दाखाली येतो हे सांगणारी वनस्पतिशास्त्रीय रेषा कोणी आखलेली नाही. उलट २०१७ च्या पाणथळ भूमी नियमांनी मीठ पिकवण्यासाठी बांधलेल्या रचना व्याख्येतूनच वगळल्या. तेव्हा बंद मिठागर हे एका कायद्यात झाड नसल्याने निसटते व दुसऱ्यात मिठागर असल्याने. आणि जेथे झाड आहे तेथेही कुऱ्हाड लागत नाही. राडारोडा टाकून भरतीचा ओहोळ बुजवला की तिवर उभ्या उभ्या वाळतो आणि पुढच्या नकाशात ती जागा रिकामी दिसते. क्षेत्रफळ ह्या मृत्यूची नोंद करील, त्याचे कारण सांगणार नाही.

वर्सोवा ते भाईंदर ह्या नियोजित किनारा मार्गाच्या प्रकरणात ४५ हजारांहून अधिक खारफुटीच्या झाडांच्या तोडीचा प्रश्न उच्च न्यायालयापुढे आला. तेथे मोजमाप आणखी एक पायरी खाली उतरले : चौरस किलोमीटरांऐवजी झाडांची संख्या. संख्येला संख्येने उत्तर देता येते. तोडलेल्या एका झाडाला लावलेली अमुक रोपे. मोरसेच्या उताराची भरपाई कोणत्या संख्येने होणार, हा प्रश्न अशा हिशेबात उपस्थितच होत नाही, आणि तो उपस्थित करण्याचे काम वकिलांचे नव्हे. ते वनस्पतिशास्त्र विभागांचे आहे.

त्यासाठी लागणारी साधने दुर्मीळ नाहीत. उत्तनपासून वसईच्या खाडीपर्यंत काही निश्चित छेदरेषा आखून त्यांची स्थाने अक्षांश-रेखांशांसह नोंदवावीत; त्यांतील निदान एक चालू मिठागरातून, एक फुटलेल्या बांधातून आणि एक सांडपाणी शिरलेल्या वाफ्यातून जावी. प्रत्येक रेषेवर झाडांबरोबर गवत व मांसल झुडपेही मोजावीत. नमुने संग्रहात जावेत आणि त्यांवर गावाचे नाव असावे. भरूचा व नवलकर यांची पाणी, चिखल आणि पान अशी त्रिविध मोजणी ह्या रेषांवर पुन्हा करण्यास हरकत नाही. तिची पद्धती जुनी झाली असली तरी तिच्यातील प्रश्न जुना झालेला नाही. मात्र ती मे महिन्यात आणि पुन्हा सप्टेंबरात अशी दोनदा करावी लागेल, व दोन्ही आकडे वेगवेगळेच छापावे लागतील. उन्हाने आटवलेल्या आणि पावसाने धुतलेल्या चिखलाच्या क्षाराची सरासरी ज्या परिस्थितीचे वर्णन करते, त्या परिस्थितीत खाजणातील एकही वनस्पती कधी जगलेली नसते.